सोलापूरच्या उन्हात जादा ऑइल कूलर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी २.५ लिटर टर्बो डिझेल, फोर बाय फोर, वॉरंटी केव्हाच संपलेली. कंपनीचा पाण्यावरचा ऑइल कूलर होताच. त्याच्या जोडीला एप्रिलमध्ये १३ ओळींचा हवेवरचा कूलर, थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (ब्लॉक आणि ऑइल फिल्टरच्या मधे बसते, तेल तापलं की ते कूलरकडे वळवते) आणि तेलाच्या तापमानाचं मीटर बसवलं. या तिघांत सगळ्यात जास्त कामाला आलं ते मीटर.

डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचा असतो, तेलाचा नाही. कडब्याची ट्रॉली मागे लावून तुळजापूरचा घाट चढताना पाणी ९४ अंशांवर निवांत होतं आणि तेल १२८ वर. मीटर आधी बसवून, कूलर न जोडता घेतलेलं हे रीडिंग. १५डब्ल्यू-४० मिनरल तेल १३० च्या आसपास वरचेवर जात असेल तर लवकर जळकं होतं. दर १० अंशांमागे ऑक्सिडेशन साधारण दुप्पट, हा ढोबळ हिशेब. उलट रोजचं रिकामं पुणे रोडवरचं जाणं-येणं असेल तर तेल १०० ते १०५ वर राहतं, आणि तिथे हा खर्च निव्वळ हौस आहे.

खर्चाआधी अजून दोन गोष्टी बघा. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधे पाचट, भूस, काळ्या मातीची धूळ बसलेली असते. ती बाहेरून दिसत नाही, कंडेन्सर सुटा करूनच निघते. दुसरं, व्हिस्कस फॅन, म्हणजे गरम झाल्यावर कपलिंग पकडतं तो इंजिनावरचा पंखा. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. भिंगरीसारखा मोकळा फिरला तर कपलिंग गेलं. ही दोन कामं केली की बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं.

प्लेट घेताना फिल्टरचे आटे मोजून घ्या. एम २०, एम २२ आणि पाऊण इंची असे तिन्ही प्रकार बाजारात आहेत आणि चुकीचे आटे पहिले दोन फेरे फसवून बसतात. प्लेटमुळे फिल्टर २५-३० मिलिमीटर पुढे येतो. फोर बाय फोरमध्ये त्याच्या शेजारून पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जातो, म्हणून जॅकवर नव्हे, चाकं जमिनीवर असताना फट बघायची. ब्लॉकवर प्लेट टेकते तो सपाट भाग पुसून, ओ-रिंगला (गळती अडवणाऱ्या रबरी कडीला) तेल लावून प्लेट बसवा. कोरडी ओ-रिंग पीळ खाते आणि गळती महिन्याभराने सुरू होते.

थर्मोस्टॅट नसलेली प्लेट फुकट मिळाली तरी नको. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सकाळी १५-१६ अंशांत तेल तापायलाच वेळ लागतो, आणि सतत ८० च्या खाली राहिलेल्या तेलातला ओलावा नीट उडत नाही. आपली प्लेट ८० ला उघडू लागते. बंद असतानाही थोडं तेल कूलरमधून फिरतं, त्यामुळे उघडताना थंड तेलाचा एकदम लोंढा येत नाही.

आता होज. सगळी फसगत इथे. जेसीबी-ट्रॅक्टरचे होज क्रिंप करणारा (टोकं यंत्राने दाबून बसवणारा) दहा मिनिटांत साधा आर-१ हायड्रॉलिक होज करून देतो. दाबाला तो भरपूर, पण त्याची तापमानाची मर्यादा १०० अंशांची, आणि आपलं तेल घाटात त्याच्या वर. पहिला जोड असाच होता. चौथ्या महिन्यात रबर कडक पडलं, फेरूलपाशी (टोकाच्या धातूच्या टोपीपाशी) काळा घाम दिसू लागला, बोटाने दाबलं तर होज लाकडासारखा. मग स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉन होज घातला. बोअर, म्हणजे आतला व्यास, पाच-अष्टमांश इंच. इंजिन फाउंडेशनवर हलतं, त्यामुळे होजला ढील हवी, आणि चॅसिसच्या कडेवरून जातो तिथे रबरी नळी चिरून वरून चढवायची. जाळीचा होज घासला तर स्वतः फाटायच्या आधी दुसऱ्याला कापतो. इथे एसीच्या पाइपला ओरखडा पडला होताच. होज फुटला तर तेल बघता बघता संपतं, ऑइल प्रेशरचा दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं काम तमाम झालेलं असतं.

कूलरची तोंडं वर ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही. नट आवळताना दोन पाने लागतात, एक कूलरच्या मानेवर. नाहीतर अॅल्युमिनियमची मान पिळवटते. भंगारातला कूलर घेऊ नका. इंजिन जाम झालेल्या गाडीचा असेल तर त्यातला धातूचा चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.

होज आणि कूलर मिळून तेल ८०० ते ९०० मिलिलिटर जास्त लागलं. कूलर आधीच भरून जोडायचा, मग इंधन तोडून दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. लेव्हल मात्र थर्मोस्टॅट उघडल्यावर, गाडी बंद करून दहा मिनिटांनी बघा. थंड गाडीत बघितलेली लेव्हल खोटी.

फरक? तोच घाट, तेवढीच ट्रॉली: १२८ ऐवजी ११३. पाणी मात्र २-३ अंशांनी वर गेलं, कारण कूलर रेडिएटरच्या पुढे बसतो. तो एका खालच्या कोपऱ्यात, कंडेन्सरपासून बोटभर लांब सरकवल्यावर बरंच सावरलं. रानात लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचा हळू, जास्त ओढीचा गिअर), ताशी ७-८ किलोमीटरने, पहिल्या महिन्यांत फायदा जवळपास शून्य: १२१ चे ११८. हवाच नाही तर कूलर काय करणार! कूलरच्या मागे ९ इंची पंखा आणि ९५ ला लागणारा थर्मोस्विच जोडला तेव्हा ११० वर आलं. म्हणजे हळू आणि ओझ्याने चालणाऱ्या गाडीला पंखा हा कूलरचाच भाग समजा.

देखभाल अशी की पावसाळ्यात कूलरच्या फिनमधली (पातळ पत्र्यांमधली) काळी माती वाळायच्या आत, मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने काढायची. प्रेशर वॉशरची नोझल जवळ धरली की फिन झोपतात. ऑइल बदलताना कूलरमधलं जुनं अर्धा-पाऊण लिटर आतच राहतं. एक आड एक बदलाला होज सोडून ते काढतो, आणि त्या दिवशी बंपरखालची फरशी खराब होणार हे धरूनच खाली पोतं टाकलेलं असतं.