बनावट एअर पॉलिशर: खोट नोझलच्या सांध्यात होती

दातांवरचे डाग काढायला पावडर आणि पाण्याचा फवारा मारणारं हातातलं एअर पॉलिशर घ्यायच्या विचारात जे डेंटिस्ट असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला जे विकलं गेलं त्यावर नामांकित कंपनीचं नाव होतं, खोकंही हुबेहूब तसंच होतं, माल मात्र दुसऱ्याच कुणाचा होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही. विक्रेत्याचं लिहीत नाही, कारण तक्रारीचा निकाल अजून यायचाय.

माणूस ओळखीतून आला होता. आमच्या क्लिनिकला बर (दात कोरायची टोकं), हातमोजे, इम्प्रेशन मटेरियल असा किरकोळ माल तो बराच काळ पुरवत होता आणि त्यात कधी खोट निघाली नव्हती. असे लोक आधी छोट्या मालात विश्वास कमावतात आणि मोठ्या यंत्रात तो वसूल करतात, हे आता कळतंय. डेमोला त्याने आणलेलं पॉलिशर अस्सल होतं. हे मी खात्रीने सांगते, कारण डेमोच्या वेळी असिस्टंटने त्याचे फोटो काढले होते आणि पुढे तेच फोटो कामाला आले. फवारा एकसारखा, नोझल हातात सहज फिरणारं, नळीला जोडणारं कपलिंग बसताना स्वच्छ ‘क्लिक’. डेमोचाच पीस द्या म्हटलं तर म्हणाला, “मॅडम, हा दहा ठिकाणी फिरलेला पीस आहे, तुम्हाला सीलबंद देतो.” यात संशय घ्यावा असं काय आहे? सीलबंद खोकं म्हणजे चांगलंच, असं कुणीही समजेल. सगळी अदलाबदल नेमकी त्या सीलच्या आत झाली होती.

बिल आलं ते ‘डेंटल पॉलिशिंग इन्स्ट्रुमेंट, 2 नग’ एवढ्याच नोंदीचं. मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही, कंपनीचं नाव नाही. विचारलं तर “वॉरंटी कार्डावर सगळं आहे” हे उत्तर. कार्डावर शिक्का होता, पण विक्रेत्याच्याच दुकानाचा. शिवाय निम्मी रक्कम दुसऱ्या एका खात्यावर मागितली होती, स्कीम आजच संपतेय असं सांगून. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तिथेच थांबा. सुटी प्रत्येक गोष्ट व्यवहारात खपून जाते, म्हणून त्या सुट्या सुट्याच दाखवल्या जातात.

आता यंत्राकडे येते, कारण फसवणूक समजायची तर ते नीट कळायला हवं. अशा पॉलिशरला तीन सांधे असतात. पहिला चेअरच्या नळीशी. त्याची मापं आयएसओ 9168 या मानकात ठरलेली आहेत, म्हणून चार छिद्रांची मिडवेस्ट किंवा दोन छिद्रांची बॉर्डन नळी कुठल्याही कंपनीच्या तशाच कनेक्टरला बसते. दुसरा सांधा म्हणजे क्विक कपलिंग, एका हाताने लावायचं-काढायचं ते. इथे मात्र बहुतेक कंपन्यांची रचना आपापली आहे. ‘सगळ्या कपलिंगला चालतं’ असं कुणी सांगत असेल तर तो सांधा त्याला माहीत नाही किंवा तो खोटं बोलतोय. तिसरा सांधा पुढच्या नोझलचा, जे दर पेशंटनंतर काढून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकावं लागतं. तोंडात जातो तो हाच भाग आणि आमच्यावर उलटला तोही हाच.

नीट बनवलेल्या सांध्यात दोन कामं दोन वेगळे भाग करतात. ओ-रिंगचं, म्हणजे रबराच्या गोल कडीचं, काम हवा-पाणी गळू न देणं. धरून ठेवण्याचं काम धातूच्या कुलपाचं: कुठे स्प्रिंगच्या दाबाखालच्या बारीक पोलादी गोळ्या खाचेत उतरतात, कुठे स्प्रिंगची कडी असते, कुठे फिरवून अडकवायची खुंटी. हे कुलूप का लागतं, ते हिशेबाने पाहा. साधारण 3 बार दाब आणि 10 मिलिमीटर व्यासाचं तोंड धरलं, आणि पूर्ण तोंडावर दाब आला, तर नोझलला पुढे ढकलणारा जोर सुमारे 24 न्यूटन होतो, म्हणजे जवळजवळ अडीच किलो वजन सतत लटकल्याइतका. पेडल दाबलं की तो जोर एका झटक्यात येतो आणि सोडलं की जातो. निव्वळ रबराच्या घर्षणावर ते पेलायचं म्हणजे दाराला कडी न लावता ते फुगलंय म्हणून बंद राहील अशी आशा धरण्यासारखं आहे.

आमच्या नगांमध्ये धरून ठेवायला नेमकं तेच घर्षण होतं. आणि ते नवं असताना पुरतं, हीच या नकलेची हुशारी. नवी ओ-रिंग फुगीर असते, घट्ट बसते, ओढून पाहिलं तरी सुटत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये 134 अंश सेल्सियसच्या वाफेत वारंवार गेलं की हलक्या प्रतीचं रबर चपटं होतं आणि मूळ आकारात परत येत नाही. पकड हळूहळू जात राहते, बाहेरून काहीच दिसत नाही. त्यातून पॉलिशिंगची पावडर. सोडियम बायकार्बोनेटचे कण ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉल या दुसऱ्या पावडरींपेक्षा मोठे आणि कडक, ते सांध्यात शिरले की रबराला घासतात.

नोझल सुटलं तेव्हा पेशंटच्या खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला काम चाललं होतं. पेडल दाबलं आणि ते जिभेवर जाऊन पडलं. असिस्टंटने लगेच मान एका कुशीला वळवली, मी चिमट्याने उचललं, पेशंटला काही झालं नाही. पण आडवं झोपलेल्या माणसाच्या घशाकडे एवढीशी वस्तू घरंगळायला कितीसा वेळ लागतो? श्वासनलिकेत गेलेली वस्तू बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसाकडे जाते, कारण तिकडची नळी रुंद आणि जास्त सरळ उतरणारी असते, हे आपण सगळे शिकलोय. वस्तू दिसेनाशी झाली आणि ती सापडलीच नाही, तर पेशंटला काही त्रास नसला तरी छाती-पोटाचा एक्स-रे काढायला पाठवायचं, ‘गिळली असेल, निघून जाईल’ म्हणून घरी सोडायचं नाही.

दोन्ही नग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेले. तिथल्या तंत्रज्ञाने अस्सल नोझल शेजारी ठेवून आमचं उघडलं. अस्सलच्या खाचेची कड जवळजवळ काटकोनात होती, आमच्याची उतरती. बाहेरून दोन्ही खाचा सारख्याच दिसतात, पण उतरत्या कडेवरून गोळ्या ओढ लागताच घसरून बाहेर येतात. ‘क्लिक’ दोन्हींत वाजत होतं, आमच्यात पातळ तारेची एक कडी केवळ त्या आवाजापुरती बसवली होती. ज्याने हे बनवलं त्याला माहीत होतं की गिऱ्हाईक कान लावून खात्री करतं.

ओ-रिंगबद्दल तंत्रज्ञाने सांगितलेलं इथे नोंदवते, कारण ते आपल्यालाही उपयोगी आहे. कपलिंगच्या ओ-रिंगला वाफ आणि तेल, दोन्ही सोसावं लागतं. साधं नायट्राइल रबर तेलात टिकतं पण एवढ्या गरम वाफेत लवकर कडक होतं. ईपीडीएम हे दुसरं रबर वाफेत उत्तम, पण हँडपीसच्या खनिज तेलाने फुगतं. म्हणून ‘मापाची कुठलीही काळी रिंग’ आणून बसवू नका, अस्सल यंत्रातसुद्धा. आमच्या नगांत काय रबर होतं ते त्याने हाताने चुरडूनच दाखवलं.

धातू पितळेचा निघाला, वर क्रोमचा मुलामा. नोझलच्या टोकाशी पिवळा रंग डोकावत होताच. इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण चुंबक लावून पाहायचा सल्ला बरेच जण देतात. अशा हत्यारांत वापरतात तो ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील चुंबकाला फारसा दाद देत नाही आणि पितळ तर देतच नाही, म्हणजे या चाचणीत दोन्ही पास. वजनावरूनही कळत नाही, घनता जवळपास आहे: पितळ सुमारे 8.5, स्टील सुमारे 8.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र दोन्ही नग एकाच टेबलावर ठेवल्यावर मिळाला. दोघांवर एकच सीरियल नंबर कोरलेला! आजकाल यूडीआय, म्हणजे उपकरणाची ओळख पटवणाऱ्या, लेबलवर छोटा चौकोनी कोड असतो आणि त्याखाली कंसातले आकडे: (01) नंतर उत्पादनाची ओळख, (10) नंतर लॉट, (21) नंतर सीरियल. लॉट अनेक नगांचा एक असू शकतो, सीरियल नाही. दोन्ही कोड स्कॅन केले तर अक्षरही बदललं नाही. कंपनीच्या नोंदीत त्या सीरियलचं पॉलिशर फार आधी भलत्याच गिऱ्हाइकाला गेलेलं होतं. म्हणजे एका खऱ्या नगावरून नंबर उचलून सगळ्या मालावर छापला होता. एकच नग घेतला असता तर हे माझ्या डोळ्यांसमोर कधी आलंच नसतं, म्हणून एक नग घेणाऱ्यांनी जास्त सावध असावं: नंबर कंपनीला कळवून विचारा, आणि विक्रेत्याने दिलेल्या फोनवर नको, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या फोनवर विचारा.

आता कागदपत्रं. विक्रेत्याने फोल्डरभर दिली होती. त्यात चकचकीत ‘एफडीए रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट’ होतं, गरुडाच्या चित्रासह. अमेरिकेची एफडीए वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांना असं प्रमाणपत्र देतच नाही. नोंदणी ही फक्त नोंद असते, तिचा अर्थ मान्यता असा होत नाही, आणि हे ती संस्था स्वतःच सांगते. असा कागद कुणी पुढे केला तर तो कागदच संशयाचं कारण धरा. दुसरा होता आयएसओ 13485चा. तो कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेबद्दल असतो, तुमच्या हातातलं नोझल सुटणार की नाही याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. सीई या युरोपीय खुणेशेजारी चार आकडी क्रमांकही होता, अगदी बरोबर कोरलेला. पण तो क्रमांक तपासणाऱ्या संस्थेचा असतो, नगाचा नव्हे, आणि नकलाकाराला तो कोरायला काय जातं?

विक्रेत्याची उत्तरं क्रमाने बदलत गेली. आधी “तुमच्या असिस्टंटने नीट बसवलं नसेल”, मग “ऑटोक्लेव्हचं तापमान जास्त असणार”, मग “पावडर दुसऱ्या कंपनीची वापरलीत, वॉरंटी गेली”. सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल पाठवल्यावर सूर एकदम मवाळ झाला: नग परत पाठवा, नव्या लॉटमधले देतो. इथे सांभाळा. नग परत देणं म्हणजे पुरावा परत देणं. मी नग, खोकी, फोडलेली सील, सगळं पिशवीत बंद करून ठेवलंय आणि त्याला फक्त फोटो पाठवले. त्यानंतर त्याने फोन घेणं बंद केलं. रक्कम ज्या दुसऱ्या खात्यावर गेली होती त्याची नोंद बँकेत आहे आणि तक्रारीत आजवर सगळ्यात उपयोगी पडलेला कागद तोच आहे.

हल्ली नवं काहीही फवारा मारणारं हत्यार आलं की ते आधी रिकामंच ऑटोक्लेव्हच्या नेहमीच्या चक्रांतून काढते, पेशंटच्या तोंडात त्यानंतर. प्रत्येक चक्रानंतर नोझल लावून, कुलपाच्या कडीला हात न लावता, सरळ रेषेत ओढून पाहायचं. मग डोळ्यांवर चष्मा लावून, टोक बेसिनकडे धरून, पेडल पूर्ण दाबून-सोडून पाहायचं. ओढताना नोझल केसभरही पुढे सरकलं तर ते नापास. सरकून थांबलं, म्हणून चालेल असं नाही, कारण सरकलं याचा अर्थ कुलूप आपल्या जागी नाही. पावडरच्या कपाचं झाकण फिरवूनही पाहते, आटे शेवटपर्यंत पकडतात का ते, आणि दाब उतरल्याशिवाय मी ते झाकण उघडत नाही. खोटं झाकण दाबाखाली निसटलं तर ते थेट आपल्या चेहऱ्याकडे येतं.

त्याच माणसाकडून घेतलेल्या थ्री-वे सिरिंजच्या (तोंडात हवा-पाणी मारायच्या) टिपाही बाजूला काढल्या आहेत. त्या नटाखालच्या ओ-रिंगांवर बसतात आणि हवेच्या जोराने बाहेर फेकल्या जाऊ शकतात, हे पॉलिशरच्या भानगडीत आधी लक्षात आलं नव्हतं. पुडा सर्व्हिस सेंटरला दिलाय. अहवाल आला की तोही तक्रारीला जोडेन.