अंजिराची काडी लावायची: पाण्यात, पिशवीत की झाडावरच गुटी?

अंजिराच्या काडीला मुळं सहज फुटतात. कसोटी लागते ती मुळं फुटताना आणि त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत. बहुतेक काड्या याच काळात जातात, आणि बहुतेक वेळा जास्त पाण्याने. म्हणून पद्धत निवडताना मुळं कशात लवकर येतात यापेक्षा पाणी कशात आटोक्यात राहतं, हे आधी बघा.

घरी जमण्यासारख्या पद्धती चार: पाण्याची बाटली, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पिशवी, ओलसर मॉसची (शेवाळाची) बंद झिप पिशवी आणि गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडणं.

आधी काडी नीट निवडा

काडी चुकीची असेल तर कुठलीही पद्धत तारत नाही. एक वर्षाची, पक्व, करड्या सालीची काडी घ्या. जाडी पेन्सिलीपासून अंगठ्याएवढी, लांबी 15 ते 20 सेंमी, डोळे चार-पाच. हिरवा, लुसलुशीत शेंडा कुजतो, तो टाकून द्या. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली आणि सरळ घ्या, कारण मुळं पेरापाशी जोमाने फुटतात. वरचा काप डोळ्याच्या 1 ते 2 सेंमी वर, तिरका. त्यामुळे वरची बाजू कुठली हे नंतरही कळतं. उलटी लागलेली काडी सहसा वाया जाते.

चीक अंगावर येऊ देऊ नका. चीक लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. हातमोजे घाला आणि कापलेल्या काड्या अर्धा तास पाण्यात उभ्या ठेवा, चीक निघून जातो.

महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात मीठा बहारासाठी (उन्हाळ्यात येणाऱ्या फळांच्या हंगामासाठी) सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होते, तेव्हा ओळखीच्या बागायतदाराकडे काड्या मागितल्या तर मिळतात. या भागातल्या पूना अंजिराला फळधारणेसाठी परागीभवन लागत नाही, त्यामुळे घरी एकच झाड पुरतं. वाळलेल्या अंजिरातल्या बिया रुजवण्याच्या फंदात पडू नका. बियांची झाडं मूळ जातीसारखी येत नाहीत आणि त्यातली बरीच खाण्यासारखी फळं देत नाहीत.

पाण्याची बाटली

सामान काही लागत नाही आणि सगळं डोळ्यांसमोर घडतं, म्हणून नवखे लोक इथूनच सुरुवात करतात. बाटलीला बाहेरून कागद गुंडाळा, तळाशी 4-5 सेंमीच पाणी ठेवा, दर दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत सालीवर पांढरे फोड येतात. ती बुरशी नसते, पुसू नका. पण ती मुळंही नव्हेत, मुळांना आणखी एक-दोन आठवडे लागतात.

खरी अडचण पुढे येते. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि त्यांना केसमुळं कमी असतात. 1 ते 2 सेंमी झाली की काडी लगेच पिशवीत हलवा. ‘अजून थोडी वाढू देत’ म्हणून थांबलात तर लावताना तीच मुळं मोडतात आणि पानं माना टाकतात.

कोकोपीटची पिशवी

पहिल्यांदाच काडी लावणाऱ्यांनी हीच पद्धत घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुळं जिथे फुटतात तिथेच वाढतात, मधलं स्थलांतर टळतं.

6×8 इंची काळी पिशवी किंवा तळाला भोकं पाडलेला मोठा पारदर्शक ग्लास घ्या. ग्लास दुसऱ्या अपारदर्शक ग्लासात बसवला की मुळांना अंधार मिळतो आणि वर उचलून मुळं बघताही येतात. कोकोपीट आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) निम्मं-निम्मं घ्या. परलाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू चालते. 650 ग्रॅमची वीट भिजली की साधारण 8 लिटर कोकोपीट होतं. त्यात क्षार असतात, म्हणून दोनदा धुऊन घट्ट पिळा. शेणखत किंवा गांडूळखत या टप्प्यावर नको. काडीला अजून मुळंच नाहीत, खत खाणार कोण? वर बुरशी आणि चिलटं मात्र येतात.

ओल किती असावी? मिश्रण मुठीत जोरात दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पुन्हा पिळा. काडीचे एक-दोन डोळे वर ठेवून बाकीची आत खोचा, बाजूने दाबा, वरून भोक पाडलेली प्लास्टिकची पिशवी सैल घाला आणि उजेडाच्या पण ऊन न पडणाऱ्या जागी ठेवा. तापमान 21 ते 27 अंश उत्तम. लावल्याच्या दिवशी ग्लास उचलून वजनाचा अंदाज घ्या आणि तो स्पष्ट हलका लागेपर्यंत पाणी घालू नका. मुळं दिसायला तीन ते पाच आठवडे लागतात.

घोटाळा होतो तो मधेच. मुळांच्या आधी पानं फुटतात. ती काडीतल्या साठ्यावर वाढलेली असतात. मग ती मलूल होतात, आपण तहान लागली समजून पाणी ओततो, तळाची हवा कोंडते आणि काडी खालून काळी पडून कुजते. मलूल पान दिसलं तर आधी वजन बघा. ओल असेल तर पाणी न घालता सावली वाढवा आणि वरचं आवरण नीट करा. काडीवर छोटी फळं धरली तर लगेच खुडा, ती साठा खातात.

बंद झिप पिशवी

पिळून काढलेल्या ओलसर मॉसमध्ये काड्या गुंडाळून झिप पिशवीत ठेवायच्या आणि दर तीन-चार दिवसांनी उघडून बघायच्या. एका पिशवीत आठ-दहा काड्या मावतात. अमेरिका-युरोपात थंडीत काड्या मिळतात आणि घरात कुंड्यांना जागा नसते, अशांना ही सोयीची. उबदार जागा मात्र हवी. एका काडीवरची बुरशी सगळ्यांना लागते, म्हणून बुरशी दिसली की ती काडी धुऊन वेगळी काढा. मुळं दिसताच ग्लासात लावा. असं नियमित लक्ष देणं जमत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

गुटी

जवळ अंजिराचं झाड असेल तर सगळ्यात खात्रीची हीच. फांदीला झाडाकडून पाणी मिळत राहतं, त्यामुळे वर सांगितलेला पानं मलूल होण्याचा घोटाळा इथे होतच नाही. जून ते ऑगस्टमध्ये पेन्सिलीएवढ्या फांदीची 2.5 सेंमी रुंद साल गोल काढा. आतला बुळबुळीत थर चाकूने खरवडा, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. त्यावर भिजवून पिळलेलं मॉस लावून प्लास्टिकने दोन्ही टोकं घट्ट बांधा. महिना-दीड महिन्यात मुळं बाहेरून दिसली की खालून कापा, अर्धी पानं काढा आणि कुंडीत लावून दोन आठवडे सावलीत ठेवा. एका फांदीला एकच रोप मिळतं, पण ते मोठं असतं.

मग कुणी काय करावं?

झाड हाताशी असेल आणि एक-दोनच रोपं हवी असतील तर गुटी. छाटणीच्या चार-सहा काड्या मिळाल्या असतील तर कोकोपीटचे ग्लास. काड्या बऱ्याच आणि जागा कमी असेल, शिवाय तपासायला वेळ असेल, तर झिप पिशवी. बाटली मुलांना मुळं दाखवायला छान आहे, पण दुर्मिळ जातीची एकुलती काडी तिच्यात ठेवू नका.

ग्लासाच्या कडेला मुळांची जाळी दिसली आणि तीन-चार पानं ताठ उभी राहिली की पोयटा माती, वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत घातलेल्या कुंडीत हलवा. वांगी-टोमॅटोच्या जुन्या वाफ्यातली माती वापरू नका. तिच्यात सूत्रकृमी (मातीतल्या अतिसूक्ष्म अळ्या) असण्याची शक्यता असते आणि अंजिराच्या मुळांवर त्या गाठी करतात. वरचं आवरण आठवडाभर थोडं थोडं उघडं ठेवत काढा, मग सकाळचं तासभर ऊन द्या आणि दोन आठवड्यांत ते वाढवत न्या.