मशीन ठीक, पण डब्यातला पट्टा कोणाच्या दंडाचा?

मागच्या उन्हाळ्यात दवा बाजारातनं बीपीचं ऑटोमॅटिक मशीन घेतलं, दंडावर बांधायचं, 2100 पडले. नाव लिहीत नाहीये, लिहिलं की लोक जाहिरात समजतात. घरात पेशंट दोन, सासूबाई आणि बाबा, म्हणजे सासरे.

पण पहिल्या दिवशी घाबरले मीच. सहज बांधून बघितलं तर 158/96! नवरा म्हणाला आजपासून तुझं सराफ्यातलं रात्रीचं चटरपटर खाणं बंद. दोन दिवस शेवसुद्धा खाल्ली नाही, इंदूरात शेव सोडणं म्हणजे काय ते इथल्यालाच कळेल. डॉक्टरांकडे गेले तर 134. मग घरी येऊन डबा नीट वाचला, पट्टा 22 ते 32 सेंमीच्या दंडासाठी, आणि माझा दंड शिवणाच्या टेपने मोजला तर 36 (हसू नका). लहान पट्टा जाड दंडावर आवळला की आकडा फुगूनच येतो. मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला, 700 अजून. चप्पल घेताना नंबर विचारतात नं, मग दुकानदाराने हे विचारायला काय झालं होतं?

सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे, डाव्या हातात फिस्टुला. पेशंट सांभाळायला माणसं देणाऱ्या ब्यूरोकडून रात्रीसाठी आलेल्या ताईंनी पहिल्याच रात्री पट्टा सरळ डाव्या दंडावर बांधून बटण दाबलं, मी स्वयंपाकघरातनं ओरडत पळाले. फिस्टुलात शीर धमनीला जोडलेली असते, तिच्यावर दाब आला तर रक्त गोठून ती बंद पडू शकते. बटण परत दाबलं की हवा लगेच सुटते, हा मशीनचा सगळ्यात मोठा गुण, वाचलो. आता पलंगाच्या डोक्याशी हिंदीत मोठ्ठ्या अक्षरात कागद लावलाय, बायां हाथ नहीं. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्यालाही बांधायचा नाही, आणि स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूचं डॉक्टरांना आधी विचारा.

बाबांचं वेगळंच. त्यांचे ठोके अनियमित आहेत, आणि हे मशीन काही डॉक्टरांसारखं कानाने ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची थरथर पकडून हिशोब लावतं, त्यामुळे ठोका चुकला की हिशोबही चुकतो. 118, लगेच 141, मग 126. हार्टचं चिन्ह लुकलुकतं ते म्हणूनच. डॉक्टरांनी तीनदा घेऊन सरासरी लिहायला सांगितलं, मध्ये एकेक मिनिट थांबून. एकदा एरर येतोय म्हणून ताईंनी लागोपाठ सहा वेळा चालवलं, बाबांना रक्त पातळ करायची गोळी आहे, दंडावर हे एवढे निळे डाग! आता दोनदा एरर आला की पट्टा काढायचा, विषय संपला.

शिवाय पट्टा बांधला की बाबांना पेन्शनच्या गोष्टी आठवतात. बोलताना आकडा चढतो, किती सांगायचं. पाच मिनिटं गप्प, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हाताखाली उशी. हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत असेल तर दर 10 सेंमीला साधारण 7-8 ने जास्त दाखवतं, हे मला आधी माहीतच नव्हतं.

मेमरीत दोन यूझर आहेत पण बटण बदलायला कोण लक्षात ठेवतो, बाबांचे आकडे सासूबाईंच्या खात्यात गेले आणि डॉक्टर तेच बघून गोळी वाढवत होते. तेव्हापासून वही.

पाचातले चार स्टार, एक पट्ट्याचा कापला. मोठा पट्टा त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा घ्या, नळी बसते म्हणून दुसरा लावू नका. मी आधी तसलाच 400 चा आणला होता, नळी एकदम फिट, आकडे मात्र भलतेच, कपाटात पडलाय.