ऑपरेशननंतर गळ्यात काय घालावं? चार प्रकारांचा परखड आढावा

भूल पुरती उतरली की कुत्रं-मांजर पहिलं काम करतं ते टाके चाटायचं. ‘चाटल्याने जखम भरते’ ही समजूत इथे महागात पडते. तोंडातले जंतू जखमेत जातात, आणि मांजराची जीभ म्हणजे बारीक कानसच. टाके उसवायला थोडा वेळही पुरतो. टाके निघेपर्यंतचे 10 ते 14 दिवस बंदोबस्त हवाच.

कठीण प्लास्टिकचा कोन, म्हणजे डोक्याभोवती फनेलसारखा बसणारा गळपट्टा, कोणालाच आवडत नाही. दाराच्या चौकटीला आपटतो, रात्री फरशीवर खरखरतो. तरी पहिला नंबर त्याचाच, कारण तो दुमडत नाही. पारदर्शकच घ्या; रंगीत कोनातून बाजूचं दिसत नाही आणि जनावर बिचकतं. मोजपट्टीने गळ्याचा घेर घ्या, मग गळपट्ट्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर. कोनाची कड नाकाच्या पुढे 2-3 सेंटीमीटर आली पाहिजे. पाकिटावरच्या वजनाच्या तक्त्यावर विसंबू नका: डॅशहुंड आणि पग यांचं वजन एकसारखं भरू शकतं, नाक नाही. गळा आणि कोन यांच्यामध्ये दोन बोटं आरामात जावीत. चार जात असतील तर पुढचा पंजा अडकवून अख्खा कोन डोक्यावरून निघतो. बुडाशी असलेल्या फटींतून रोजचा गळपट्टा ओवून घ्या; नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. गळ्याची कातडी घासून लाल होते का, तेही रोज बघा.

कापडी कोन झोपायला सुखाचा, पण मऊपणा हाच त्याचा दोष. पोटाकडे मान वळवली की कड मुडपते आणि जीभ टाक्यापर्यंत पोचते. शिवाय पाण्याच्या भांड्यात बुडून तो ओलाच राहतो. आत ताठ पट्ट्या असतील तरच विचार करा.

गळ्यात फुगवायची रिंग फोटोत सगळ्यात गोंडस दिसते आणि फसवतेही सगळ्यात जास्त. आखूड मानेच्या, चपट्या नाकाच्या कुत्र्याला छाती-पोटाच्या टाक्यांसाठी एकवेळ चालेल. लांब तोंडाचं कुत्रं तिला वळसा घालून पोटापर्यंत सहज जातं. पंजा किंवा शेपटीवर जखम असेल तर रिंगचा काहीच उपयोग नाही, आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर तर नकोच: पंजाने डोळा चोळणं ती अडवत नाही. मांजराच्या नखाने हवा गेली की तेवढंही उरत नाही.

अंगात घालायचा सूट मादीच्या नसबंदीनंतर खरोखर सोयीचा, पण एकाने भागत नाही, दोन घ्या. लाळेने कापड ओलं झालं की तेच ओलं कापड टाक्यांवर बसतं. फिरायला नेताना मागची बटणं उघडून कापड वर गुंडाळा. नराच्या बाबतीत हे विसरलात तर पोटाकडचा भाग लघवीने भिजतो. कापड चावणाऱ्या कुत्र्याला सूटवर कोनही लागतो. काही मांजरं सूट घातला की लाकडासारखी आडवी होतात. त्यांना कोनच बरा.

काहीही घ्या, ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी घ्या. रोज दहा मिनिटं घालून, कोनातच खाऊ देऊन सवय करा. भुलीच्या गुंगीत पहिल्यांदा कोन चढवला तर जनावर भिंतींना धडकतं, आणि घरातलं कोणीतरी दया येऊन तो काढतं. ‘एकच मिनिट’ काढलेल्या कोनानेच टाके तुटतात. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायची वेळ मात्र डॉक्टरांकडूनच घ्या. पिल्लांना जास्त वेळ उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते.

जेवणाचं भांडं कोनाच्या तोंडापेक्षा लहान हवं. ते उलट्या डब्यावर ठेवलं की कोनाची कड भांड्याबाहेरून खाली उतरते आणि तोंड थेट अन्नात जातं. टाके दिवसातून दोनदा बघा. सूट असेल तर काढून. पहिल्या एक-दोन दिवसांतली किंचित लाली चालते. वाढती सूज, वास, पू, कडा उघडणं यांपैकी काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन. आंघोळ नाही, घरचं मलम नाही, माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच नाही; पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं.

मांजराच्या लिटर बॉक्सला झाकण असेल तर तेवढं काढून ठेवा. कोनासकट ते आत वळू शकत नाही, आणि मग गादीवर केलेली शू रागातून केली असं उगाच समजलं जातं.