डोरो खोऱ्यातील कौटुंबिक वायनऱ्यांची खासगी सहल: अनुभव उत्तम, पण तिसरा थांबा टाळावा

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी, माझी पत्नी, थोरले बंधू आणि वहिनी अशा चौघांनी पोर्तुगालमधील पोर्तो शहरातून डोरो नदीच्या खोऱ्यात एका दिवसाची खासगी सहल केली. दादांची दिंडोरी तालुक्यात खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे आणि चाळीस वर्षे त्यांनी दुसरे काही केलेले नाही. त्यामुळे नदीतून बोटीने फिरण्यात किंवा ओळीने मांडलेले ग्लास चाखण्यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना बाग पाहायची होती. बसने नेणाऱ्या स्वस्त सहली आम्ही याच कारणाने सोडून दिल्या. पोर्तोतील एका लहान कंपनीला आम्ही आधीच कळवले की घरचीच माणसे चालवतात अशा वायनऱ्या हव्यात, वेलींमध्ये फिरायला किमान एक तास हवा आणि एक व्यक्ती पूर्ण शाकाहारी आहे. चौघांचे मिळून ५६० युरो ठरले. त्यात गाडी, चालक-मार्गदर्शक, दोन ठिकाणचे टेस्टिंग आणि दुपारचे जेवण धरलेले होते.

सकाळी आठला हॉटेलच्या दारातून निघालो. मरांव डोंगराच्या पोटातून २०१६ साली खुला झालेला पाच किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. त्याच्या अलीकडे अटलांटिकचे ओले वारे, हिरवे डोंगर आणि झिमझिम पाऊस होता, तर पलीकडे लख्ख ऊन आणि तपकिरी उतार. हा डोंगर समुद्राकडचा पाऊस अडवतो, म्हणूनच आतल्या खोऱ्यात द्राक्षे पिकतात. मार्गदर्शक हे इंग्रजीत समजावून सांगू लागला, तोवर दादा मागच्या सीटवरून म्हणाले, "इगतपुरीचा पाऊस मागं टाकून निफाडात उतरल्यासारखं झालं की रे." मी ते भाषांतर करून सांगितले, तेव्हा मार्गदर्शकाने तिकडची एक म्हण ऐकवली: मरांवच्या पलीकडे, तिथे राहणाऱ्यांचेच राज्य. खोऱ्याच्या हवेबद्दलही त्यांची एक म्हण आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. उन्हाळ्यात येथे पारा सहज चाळिशी ओलांडतो, म्हणून सहलीचा महिना विचारपूर्वक निवडावा. सप्टेंबर हा तोडणीचा महिना असल्याने तो सर्वांत चांगला, मात्र त्याच काळात घरच्या माणसांना पाहुण्यांसाठी सर्वांत कमी वेळ असतो.

पहिली किंता, म्हणजे मळा आणि त्याला जोडलेली वायनरी, पिन्यांव गावाच्या वरच्या अंगाला होती. साठीच्या मालकीणबाई आणि त्यांची मुलगी दोघीच आमच्यासाठी थांबल्या होत्या, बाकी सगळे घर तोडणीवर होते. येथील डोंगर शिस्ट नावाच्या, पाटीसारख्या थराथरांच्या दगडाचा आहे. हा दगड फोडून त्याचेच कोरडे गडगे रचायचे आणि त्यांच्या आधाराने पायऱ्या पाडायच्या, हे काम येथे शतकानुशतके हातांनी झाले आहे. खडकाचे थर उभे असल्यामुळे वेलीची मुळे भेगांतून कित्येक मीटर खाली उतरतात आणि ठिबक नसतानाही वेल उन्हाळा काढते. दादांनी एक चपटा दगड बोटांनी चुरून पाहिला आणि पुढचा प्रश्न विचारला तो थेट उत्पन्नाचा. जुन्या वेलीला जेमतेम किलोभर माल येतो, असे मुलीने सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांच्या स्वतःच्या बागेत एकरी दहा टन माल निघतो.

त्यानंतर जे घडले, त्यासाठी मी या सहलीला मनापासून दाद देईन. दादा एका ऐंशी वर्षांच्या वेलीपाशी गुडघ्यावर बसले आणि खोडाच्या बुंध्याची माती हाताने बाजूला करून त्यांनी कलमाचा जोड शोधला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने हे सारे खोरे उजाड केले होते. त्यानंतर येथील प्रत्येक जात अमेरिकी जंगली वेलीच्या खुंटावर बांधली जाऊ लागली. नाशिकला आपण क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरिज खुंट वापरतो, तोही मूळचा अमेरिकेचाच. जोडाची ती गाठ बोटाने दाखवत दादा मराठीत बोलत होते, मालकीणबाई पोर्तुगीजमध्ये, आणि मी व मार्गदर्शक मध्ये उभे राहून जमेल तेवढे पोहोचवत होतो. वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, हे त्या बाईंना काही केल्या पटेना, कारण त्यांची वेल हिवाळाभर झोपते आणि एकदाच छाटली जाते. मुलीने रसातली साखर मोजणारा रसमापक आणला. तो यांच्याकडे बोमे अंशांत वाचतात, पण दादांनी हिशेब करून तो आपल्याकडच्या ब्रिक्स या साखरेच्या मापात जवळजवळ चोवीस भरतो असे सांगितले. आपल्याकडे निर्यातीच्या मालाला सतरा-अठरा ब्रिक्स आला की घड उतरवायला घेतात. बारीक, जाड सालीचा, बियांनी भरलेला तो मणी चावून वहिनी म्हणाल्या, "खायला नाही हे, पण गोडी बघा."

तळघरात आणखी एक गोष्ट कळली, जी मराठी माणसाला विशेष भावेल. पोर्ट वाइन ज्या ५५० लिटरच्या लाकडी भांड्याने मोजतात, त्याला पोर्तुगीजमध्ये 'पिपा' म्हणतात. आपला पिंप हा शब्द तोच. तोडणीवाल्यांच्या हातातली 'बाल्द' म्हणजे आपली बादली आणि 'गामेला' म्हणजे आपले घमेले. त्या तळघरात भिंतीशी उभ्या असलेल्या काळ्या पडलेल्या पिंपांकडे पाहताना, वसई-गोव्यापासून आपल्या घराघरांत शिरलेले हे शब्द ज्या वस्तूंबरोबर आले त्या वस्तू प्रत्यक्ष समोर होत्या.

पोर्ट कशी बनते हे तेथे जितके स्पष्ट समजले, तितके मला यापूर्वी कधीच समजले नव्हते. ग्रॅनाइटच्या उथळ हौदात, ज्याला लागार म्हणतात, द्राक्षे पायांनी तुडवतात. पायाने सालीचा रंग आणि अर्क सुटतो, पण बी फुटत नाही, त्यामुळे कडवटपणा उतरत नाही. आंबणे दोन-तीन दिवसच चालू द्यायचे असते, म्हणून एवढ्या अल्प वेळात अर्क काढण्यासाठी ही मेहनत. निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्के मद्यार्काची द्राक्ष-ब्रँडी घालतात. जुन्या हिशेबाने ४३५ लिटर रसाला ११५ लिटर ब्रँडी, मिळून एक पिंप. यीस्ट तेथेच थांबते आणि द्राक्षाची स्वतःची गोडी उरते, वरून साखर घालावी लागत नाही. गोव्यात आणि आपल्याकडे 'पोर्ट' म्हणून जी गोड तांबडी वाइन विकली जाते, तिचा या पदार्थाशी नावापुरताच संबंध आहे, आणि ज्यांनी तेवढीच चाखली आहे त्यांनी येथे दहा वर्षे लाकडात मुरलेली टॉनी अवश्य चाखावी. अक्रोड, सुके अंजीर आणि थोडी जुन्या गुळासारखी चव तिच्यात येते.

मात्र येथेच या एकदिवसीय सहलीची खरी मर्यादा आहे. तुडवणी संध्याकाळी, मजुरांचे जेवण झाल्यावर सुरू होते. आधी सगळे खांद्याला खांदा लावून एका तालात दोन तास चालतात आणि मग गाणी-बाजा सुरू झाला की मोकळे पाय. आम्ही सकाळी साडेदहाला पोहोचलो, तेव्हा हौदावर जांभळ्या सालींची जाड साय जमली होती. मुलीने ती हाताने बाजूला करून खालचा कोमट, फसफसणारा रस दाखवला, एवढेच पाहायला मिळाले. सहा वाजता पोर्तोला परतणाऱ्या सहलीत संध्याकाळची ही तुडवणी दिसणार नाही. कंपनीने हे आधी सांगायला हवे होते. तोडणीच्या दिवसांत जाणाऱ्यांनी शक्य असेल तर खोऱ्यातच एक रात्र काढावी.

जेवणाची चिंता मला सर्वाधिक होती, ती अनाठायी ठरली. पिन्यांवमधील एका घरगुती खानावळीत वहिनींसाठी टोमॅटोचा सैलसर भात, भाजलेल्या मिरच्या, ऑलिव्ह, पाव आणि बदाम असे वेगळे पान तयार होते, आणि काल्दु व्हेर्द हे हिरव्या पाल्याचे सूप सॉसेजची चकती न घालता दिले. काटेकोर शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: तांबडी वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरण्याची जुनी पद्धत आहे. आमच्या मार्गदर्शकाने ते आपणहून सांगितले आणि दुसऱ्या किंतेत फोनवरून विचारूनही घेतले, हे मला फार आवडले. जेवणानंतर पाच मिनिटे पिन्यांवचे रेल्वे स्थानक पाहिले, ज्याच्या भिंतींवर निळ्या फरशांमध्ये तोडणीपासून होड्यांवर पिंपे चढवण्यापर्यंतची चित्रे आहेत.

दुसरी किंता नदीच्या दक्षिणेला, तोर्तो या उपनदीच्या काठी होती. येथे दोघे भाऊ मळा पाहतात. कौटुंबिक वायनरी म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर उमजले. १७५६ मध्ये पोर्तुगालचे मंत्री मार्किश द पोंबाल यांनी या खोऱ्याची हद्द ठरवून दिली आणि ग्रॅनाइटचे खांब रोवले. तसा एक खांब त्यांच्या शेजारच्या मळ्यात आजही उभा आहे. परंतु मळेवाल्याला स्वतःच्या नावाने माल परदेशी पाठवण्याची मोकळीक नव्हती. १९२६ पासून निर्यातीची पोर्ट नदीच्या मुखाशी असलेल्या व्हिला नोव्हा द गाया येथील गोदामांतूनच जावी लागे, त्यामुळे व्यवहार बड्या व्यापाऱ्यांच्या हाती एकवटला. १९८६ मध्ये हा नियम उठला आणि तेव्हापासून लहान मळे स्वतःची बाटली भरू लागले. त्या भावांच्या वडिलांनी आयुष्यभर द्राक्षे विकली. आडनाव छापलेली घरची पहिली बाटली मुलांनी भरली.

आज त्यांच्यापुढे वेगळी अडचण आहे. कोणत्या मळ्याने किती रस पोर्टसाठी वापरायचा, हे दरवर्षी ठरवून दिले जाते, आणि पोर्टसाठी पात्र मळ्यांना उतार, उंची, माती यांवरून 'ए' ते 'एफ' अशी प्रत असते. संपूर्ण खोऱ्याचा हा वाटा २०२३ मध्ये १,०४,००० पिंपे होता, तो २०२४ मध्ये ९०,००० वर आला. पोर्टच्या द्राक्षाला मिळणारा भाव साध्या वाइनच्या द्राक्षापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे वाटा कमी झाला की घराचा ताळेबंद कोलमडतो. धाकटा भाऊ हे सांगत असताना दादांनी मला थांबवून विचारले, "मजुरी किती जाते, ते विचार." उताराच्या पायऱ्यांवर यंत्र चालत नाही आणि प्रत्येक घड हातानेच तोडावा लागतो, त्यामुळे सगळा पैसा मजुरीतच जातो, असे उत्तर आले. दोन्ही बाजूंना मग फार काही समजावून सांगावे लागले नाही.

तिसऱ्या ठिकाणाबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. रेग्वा गावाच्या दिशेला नेऊन आम्हाला ज्या इमारतीत उतरवले, ते कौटुंबिक ठिकाण नव्हते. मोठे स्वागतकक्ष, पडद्यावरची चित्रफीत, तीस-चाळीस पाहुण्यांचा गट आणि शेवटी दुकान. वेल एकही जवळून पाहायला मिळाली नाही, आणि टेस्टिंगचे प्रत्येकी २५ युरो वेगळे द्यावे लागले, ज्याचा बुकिंगच्या पत्रात उल्लेख नव्हता. ज्या तासाभरात आम्ही त्या भावांकडे आणखी बसू शकलो असतो, तो तास असा वाया गेला. मी लेखी कळवल्यावर कंपनीने चौघांचे मिळून शंभर युरो परत केले आणि चुकीची कबुली दिली, हे नोंदवणे न्यायाचे होईल. तरीही बुकिंग करतानाच 'दोनच किंता, दोन्ही घरच्यांच्या, तिसरे ठिकाण नको' असे लिहून घ्यावे.

चालक-मार्गदर्शक हा या सहलीचा कणा असतो. आमचा मार्गदर्शक खोऱ्यातच वाढलेला होता, दिवसभरात त्याने एक घोटही घेतला नाही आणि वळणांवर गाडी अतिशय सांभाळून चालवली. पोर्तुगालमध्ये रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि रस्ते अखंड वळणांचे आहेत. स्वतः गाडी भाड्याने घेऊन वायनऱ्या फिरण्याचा विचार कोणी करत असेल, तर तो सोडून द्यावा. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच निघावे. माझ्या पत्नीला परतीच्या वाटेवर तिची गरज भासलीच.

खरेदीबाबत दोन शब्द. किंतेतील दर पोर्तोच्या दुकानांपेक्षा कमी होते आणि बाटल्या फुगवलेल्या पिशवीत बांधून दिल्या. भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते, त्यामुळे चौघांना पुरेशी मुभा होती. काय घ्यावे याचा सल्ला दुसऱ्या किंतेतल्या थोरल्या भावाने दिला: व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरणारी पोर्ट उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते, शिवाय तिचा गाळ गाळून घ्यावा लागतो, तर लाकडात मुरलेली टॉनी उघडल्यावरही थंड जागी काही आठवडे चांगली राहते. ज्या घरात कधीतरीच एखादा लहान पेला घेतला जातो, त्या घरासाठी टॉनीच योग्य. दादांनी दहा वर्षांची एकच बाटली घेतली आणि भावांकडून छाटणीच्या दोन जुन्या कात्र्या मागून घेतल्या.