विमानवाहू जहाजाच्या डेकच्या नावाखाली १५,७५० रुपयांना गंडवलं, मॉडेलवाल्यांनो सावध राहा

मॉडेल विमानाखाली ठेवायचे डेक बनवून देतो म्हणणाऱ्या एका विक्रेत्याने मला फसवलं. पैसे तीन टप्प्यांत गेले. ३ नोव्हेंबरला आगाऊ ७,५००, २६ तारखेला उरलेले ७,५०० आणि दुसऱ्या दिवशी पॅकिंग-कुरिअरचे म्हणून आणखी ७५०. एकूण १५,७५० रुपये. रक्कम मुद्दाम लिहितोय, कारण अशा वेळी लोक लाजेने गप्प बसतात आणि हाच माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. लाज मलाही वाटते. या विषयातलं थोडंफार कळतं असं समजणाऱ्यालाच त्याने फसवलंय.

ऑर्डर होती १/७२ स्केलच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतक्या) दोन रेझिन डेक-बेसची, म्हणजे साच्यात ओतलेल्या डेकच्या तुकड्यांची, प्रत्येकी ६,४००, माप ३०० बाय २२० मिलिमीटर. एक जुन्या विक्रांत जहाजाचा, सी हॉक विमान ठेवायला. दुसरा विराटचा, सी हॅरियरसाठी. वर २,२०० रुपयांची धातूची नावपट्टी, 'दारूखान्यात तोडलेल्या विक्रांतच्या पत्र्यातून कापलेली'. विक्रांत २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती आणि २०१४ मध्ये दारूखान्याच्या जहाजतोडणीत तोडायला घेतली, हे मुंबईतल्या प्रत्येक मॉडेलवाल्याला माहीत आहे आणि आजही ते मनाला लागतं. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

कुणी म्हणेल, न बघता पैसे कसे दिले? न बघता दिलेले नाहीत. दादरला भेटून त्याने नमुना हातात दिला होता. कडा धारदार, पाठ काचेसारखी सपाट, विमान जखडायच्या टाय-डाऊनच्या खाचा स्वच्छ कोरलेल्या. मापंही जुळत होती. १/७२ मध्ये सी हॉक १६८ मिलिमीटर लांब आणि पंख उघडे ठेवले तर १६५ रुंद, सी हॅरियर २०१ बाय १०७. दोन्ही ३०० बाय २२० वर ऐसपैस बसतात. शिवाय परदेशातून मागवायचं तर वर कुरिअर आणि कस्टम. या हिशेबात ६,४०० कुणालाही वावगे वाटले नसते. नमुना दुसऱ्याच कुणाचा, विकत घेतलेला असणार हे आता कळतंय. नमुना बघून पैसे देऊ नका. तुमच्यासाठी ओतलेला तुकडा स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून, वरून आणि खालून, व्हिडिओवर मागा.

खरी चूक झाली ती १९ नोव्हेंबरला. त्या रात्री त्याने 'विराटचा डेक तयार' म्हणून फोटो पाठवला. त्यात मधोमध कॅटापुल्टचा (विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राचा) रूळ आणि त्याच्या पुढ्यात आडवी अरेस्टर वायर, म्हणजे उतरणारं विमान अडवणारी तार. विराटवर! विराट म्हणजे पूर्वीची ब्रिटिश हर्मीस. तिचे कॅटापुल्ट आणि वायरी ७० च्या दशकातच काढून टाकल्या होत्या. १९८७ मध्ये ती आपल्या नौदलात आली तेव्हा पुढे १२ अंशांची स्की-जंप, म्हणजे टोकाला वर उचललेला डेक, होती. हॅरियर त्या चढावरून उडायचं आणि सरळ उभं खाली उतरायचं, त्याला वायर लागतच नाही. सी हॅरियर २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत विराटवर हीच पद्धत होती. हे सगळं मला पाठ आहे. फोटो मोठा करून बघितला, वायर दिसली, आणि मीच मनाशी म्हटलं की हा अर्धवट फोटो असेल, शेवटी बदलेल. विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, तो मास्टर पॅटर्न आहे, फायनलमध्ये नसणार." मास्टरवर जे कोरलेलं असतं तेच साच्यात उतरतं. रेझिन ओतल्यावर वायर आपोआप गायब होत नाही. हे कळत असूनही सात दिवसांनी दुसरे ७,५०० पाठवले. त्यावर अजून झोप उडते.

पैसे पाठवताना यूपीआयवर नाव भलतंच आलं होतं. "बहिणीचं खातं आहे," म्हणाला. स्क्रीनवर दिसतं ते नाव आणि माणसाचं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा.

४ डिसेंबरला खोका आला. दोन्ही बेस एकाच साच्यातले. विक्रांत तीच, विराट तीच, डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या टाय-डाऊनजवळचा हवेचा बुडबुडासुद्धा दोघांवर त्याच जागी. कुणाच्या तरी तयार बेसवरून सिलिकॉनचा साचा काढून ओतलेली नक्कल. माप भरलं २९१ बाय २१३, म्हणजे तीन टक्के लहान. नकलेवरून नक्कल काढत गेलं की प्रत्येक वेळी थोडं आकुंचन होतं, म्हणून मूळ मापाचा बेस असा येत नाही. एक कोपरा ४ मिलिमीटर वर उचललेला, कारण रेझिन पूर्ण कडक व्हायच्या आधी साच्यातून ओढून काढलेलं. पाठीवर फेस आल्यासारखी छिद्रं. पॉलियुरेथेन रेझिनला दमट हवा लागली की त्यात वायू तयार होतो, आणि मुंबईत कोरडं साठवण न करता ओतलं की हेच होतं.

वाकलेला बेस सी हॉकखाली एक वेळ चालून जातो. तीन चाकं कुठेही टेकतात, फक्त पंख तिरके दिसतात. हॅरियरला लपायला जागा नाही. पुढचं आणि मधलं चाक एका रेषेत, शिवाय दोन्ही पंखांखाली आधारचाकं. डेक वाकडा असला की एक आधारचाक हवेत लटकतं. ७० अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून काचेवर वजनाखाली थंड केलं तर वाक बराचसा निघतो, पण छिद्रं आणि तीन टक्के निघत नाहीत. प्रायमर मारला तर सेलोटेपबरोबर सोलून आला, कारण साच्याचं तेल पुसलेलंच नव्हतं. कुणाकडूनही रेझिन घेतलंत तर आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश.

नावपट्टीला चुंबक लावला. चिकटला नाही. जहाजाचा पत्रा पोलादाचा असतो, हे दोन मिलिमीटरचं अॅल्युमिनियम. दहा रुपयांचा चुंबक खिशात ठेवून दादरला गेलो असतो तर २,२०० वाचले असते, आणि बहुतेक बाकीचेही.

गोरेगावच्या ज्या गाळ्याचा पत्ता दिला होता तिथे बाटल्यांची झाकणं बनतात. त्यांनी या माणसाचं नावही ऐकलेलं नाही.

मग पोलीस ठाण्यात. पहिल्या दिवशी दोन तास बसवून सांगितलं, साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब होते. त्यांनी बेस हातात घेऊन विचारलं, "वस्तू मिळाली ना?" मिळाली म्हटल्यावर, "मग ही दिवाणी बाब." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजेच जुनं ४२०, खोटी वस्तू खरी सांगून विकणं ही फसवणूकच, असं म्हटलं तर उत्तर आलं की खेळण्याच्या पाटीवर इतका जीव कशाला टाकता. खेळणं नाही हो! आणि असलं तरी १५,७५० रुपये खोटे होत नाहीत. तिसऱ्या खेपेला लेखी अर्ज घेतला, पोच दिली नाही. चौथ्या खेपेला मागून मागून शिक्का मिळाला. बँकेत गेलो तर व्यवहार तुम्हीच केला, पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही. यूपीआय अॅपवर तक्रार टाकली ती 'निकाली' म्हणून बंद झाली, कारण पैसे योग्य खात्यात पोचले होते. योग्य खातं कोणतं, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या बाबतीत झालं तर पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. मी आठवडा घालवला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. खोका, कुरिअरचं लेबल, सगळं बोलणं जपून ठेवा. मी रागाने बोलणं पुसणार होतो, थांबलो ते बरं झालं.

काल त्याने नवा फोटो टाकलाय. 'नवी विक्रांत, मिग-२९के साठी, ८,२०० फक्त.' नव्या विक्रांतवर अरेस्टर वायरी आहेत, पण कॅटापुल्ट नाही, विमान स्की-जंपवरून उडतं. फोटोत मधोमध तोच कॅटापुल्टचा रूळ आहे, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात, तिसऱ्या टाय-डाऊनजवळ, तोच बुडबुडा.