‘इंक सेव्हर’च्या नावाखाली गेलेले ६,४९० रुपये

स्लाइड छापताना शाई वाचवून देतो असे सांगून माझ्याकडून ६,४९० रुपये उकळण्यात आले, आणि ज्या सोयीसाठी हे पैसे घेतले ती सोय माझ्या संगणकात आधीपासून फुकट होती. हे लिहिताना संताप येतो आणि लाजही वाटते. पण आमच्या वऱ्हाडात आता शेतकरी गटांपासून शाळांपर्यंत सर्वत्र रंगीत प्रिंटर आले आहेत, म्हणून लिहितो.

आमच्या गटाला कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे सादरीकरण छापून सभासदांना वाटायचे होते. ते तयार करणाऱ्याने प्रत्येक स्लाइडला गडद निळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरे दिली होती. पडद्यावर हे शोभते, कागदावर मात्र शाईची टाकी रिकामी करते. टोनरच्या, म्हणजे छपाईच्या भुकटीच्या, खोक्यावर पानांची जी संख्या छापलेली असते, ती पानाचा साधारण पाच टक्के भागच छापला जाईल असे धरून काढलेली असते. काठोकाठ निळे पान त्या हिशेबात कुठे बसणार? शाई झपाट्याने उतरताना पाहून मी प्रिंटर कंपनीचा मदत क्रमांक मोबाइलवर शोधला आणि सर्वांत वर दिसला तो लावला. पुढचे आपण ओळखलेच असेल. मात्र हसण्यापूर्वी एवढे लक्षात घ्या की, आमच्या तालुक्यात त्या कंपनीचे सेवा केंद्र नाही आणि खरिपाच्या घाईत प्रिंटर एसटीत घालून जिल्ह्याला नेणे कोणालाच परवडत नाही.

पलीकडच्या गृहस्थाने अदबीने बोलत संगणकाचा ताबा देणारे ॲप घ्यायला लावले, ‘इंक सेव्हर’ नावाचे चकचकीत चिन्ह पडद्यावर बसवले आणि ४,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटीचे ७२०, असे ४,७२० रुपये मागितले. यूपीआयवर एका व्यक्तीचे नाव दिसले, कंपनीचे नव्हे. मी विचारले, ते आमच्या हिशेबनिसाचे खाते आहे, असे उत्तर मिळाले. जीएसटी घेणाऱ्याने जीएसटी क्रमांक असलेले बिल द्यायला हवे, हे मला ठाऊक होते. बिल मेलवर येईल, असे तो म्हणाला. ते आले नाही.

परंतु खरी चीड वेगळ्याच क्षणाची आहे. पैसे गेल्यावर माझ्या डोळ्यांसमोर त्याचा बाण पॉवरपॉइंटमध्ये सरकला, त्याने प्रिंटची चौकट उघडली, ‘कलर’ लिहिलेल्या जागी ‘प्युअर ब्लॅक अँड व्हाइट’ निवडले, ‘हँडआउट्स’मधून एका पानावर सहा स्लाइड घेतल्या, आणि निळा रंग जाऊन पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे दिसू लागली. ते नवे चिन्ह त्याने उघडलेसुद्धा नाही! पॉवरपॉइंटच्याच चौकटीतला पर्याय तो मला विकत होता, मी तो निवडताना पाहत होतो, आणि वर त्याचे आभार मानत होतो. दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्यावर चौकटीत ‘कलर’ परत आले होते, एवढेच. तर त्याने ‘ॲक्टिव्हेशन’ राहिल्याचे सांगून १,५०० अधिक २७० असे आणखी १,७७० रुपये घेतले.

म्हणून सांगतो, कोणालाही फोन लावण्यापूर्वी प्रिंटची चौकट स्वतः वरपासून खालपर्यंत वाचा. पार्श्वभूमी म्हणून फोटो चिकटवलेला असेल तर तो या पर्यायाने जात नाही, तो आधी काढावा लागतो. डोमकळीचा, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेल्या फुलाचा, फोटो रंगीतच हवा, कारण ती ओळखता आली नाही तर प्रशिक्षणाचा उपयोग काय. पण तेवढेच एक पान रंगीत काढा. मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायचा, हे सांगायला निळी शाई लागत नाही.

आता यंत्रणेविषयी. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदली, पोच मिळाली, त्यापुढे शांतता. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला, तेव्हा आमची जबाबदारी नाही. ठाण्यात अंमलदार म्हणाले, “भाऊ, पैसे तं तुम्हीच पाठवले ना?” पाठवले, म्हणूनच तर याला फसवणूक म्हणतात, हिसकावले असते तर लूट म्हटले असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि आमचे निरीक्षक साहेब कायम बंदोबस्तावर. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, हे सर्व खरे. पण नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हे १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर विचारले तर पत्ता तुम्हीच द्या म्हणतात. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचा पत्ता बँकेकडे आहे, बँक तो फक्त पोलिसांना देणार, आणि पोलिसांना रक्कम किरकोळ वाटते. ६,४९० रुपये आमच्याकडे किरकोळ नाहीत. कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब करून पाहा.

ताबा देणारे ते ॲप त्याच दिवशी काढून टाका आणि पासवर्ड बदला. मी उशिरा बदलले. व्यवहार क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे मात्र पुसू नका. मदत क्रमांक प्रिंटरच्या खोक्यावरून किंवा सोबतच्या पुस्तिकेतूनच घ्या. आणि ‘इंक सेव्हर’च्या नावाने आपलेही पैसे गेले असतील, तर रक्कम कितीही असो, १९३० वर स्वतःची वेगळी तक्रार नोंदवा, म्हणजे त्या एकाच खात्याविरुद्ध कागद वाढतील आणि ‘किरकोळ’ म्हणून फाइल बाजूला सारणे ठाण्याला जड जाईल.